त्याच दिवशी का नाही सांगितलंस?

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये दोनदा लिहायला बसले होते, पण चार ओळींच्या पुढे सरकले नाही. आज मात्र लिहूनच टाकायचं ठरवलं आहे. आपल्या घरातल्या काही मंडळींना ही गोष्ट इथेच पहिल्यांदा कळेल. त्यांनी वाचून झाल्याबरोबर फोन करू नये. उद्या करावा, तोवर मीही जरा सावरेन.

तर झालं असं. आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. चहा, चिवडा, गुडघे, पेन्शन, सुना असा कार्यक्रम असतो. हल्ली त्यात एका विषयाची भर पडली आहे, तो म्हणजे फोनवरून होणारी फसवणूक. गेल्या महिन्यात कुणीतरी आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांची हकिगत सांगितली. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, चार लोक सल्ला विचारायला यायचे असे. त्यांना त्या 'डिजिटल अरेस्ट'वाल्यांनी गाठलं. पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओवर, आणि हे दोन दिवस स्वतःच्याच बेडरूममध्ये फोनपुढे बसून. कुणाला सांगायचं नाही, दार उघडायचं नाही. मुदत ठेव मोडून पैसे पाठवले तेव्हा सुटका झाली.

"एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल काय गहाण ठेवली होती?" आमच्यातलं एक जण म्हणालं. सगळे हसले.

मीही हसले.

रात्री झोप लागली नाही. कारण असं हसण्याचा अधिकार त्या खोलीत सगळ्यात कमी कुणाला असेल तर तो मला होता.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ ची. संध्याकाळचे सहा वाजले असतील. मोबाईलवर संदेश आला, की मागच्या महिन्याचं बिल नोंदवलं गेलेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब अधिकाऱ्यांशी बोला. खाली नंबर. आता तुम्ही म्हणाल, बिल भरलं होतं ना? भरलं होतं. पावतीसुद्धा खिळ्याला अडकवलेली होती. पण तेव्हा आमच्या ह्यांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लागायचं. ते विजेवर चालतं. 'साडेनऊ' हा शब्द वाचल्यावर मला पावती दिसलीच नाही, मशीन तेवढं दिसलं.

फोन लावला. पलीकडचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. "मॅडम, घाबरू नका, सिस्टममध्ये अपडेट नाही एवढंच. दहा रुपये भरा, लगेच होईल." त्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं. त्यातला नंबर विचारला, मी सांगितला. मग कार्डाचा नंबर टाकून दहा रुपये भरायला सांगितले, मी भरले. मी त्याला 'थँक्यू बेटा' म्हटलं, हे आज लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

पंधरा मिनिटांत तीन वेळा मिळून ४८,५०० रुपये गेले.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे मला चांगलं ठाऊक होतं आणि मी तो कुणालाही सांगितला नाही. त्या ॲपमुळे माझ्या मोबाईलचा पडदा त्याला त्याच्या जागेवर बसून दिसत होता. संदेश माझ्याकडे आला की तो तिकडे वाचत होता. चौतीस वर्षं परीक्षेच्या वर्गात फिरून मी पुढच्याच्या पेपरात डोकावणारी पोरं पकडली, आणि माझ्या स्वतःच्या पेपरात एक जण डोकावून सगळं उतरवून घेऊन गेला.

पण आज मला सांगायचं आहे ते पैसे कसे गेले हे नाही. ते सगळीकडे छापून येतं. पैसे गेल्यावर मी काय केलं, ते सांगायचं आहे.

मी गप्प बसले.

ह्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, कार्ड हरवलंय, बंद करा, नवीन द्या. तिनं आपुलकीनं विचारलं, "आजी, काही गडबड तर नाही ना झाली?" मी म्हटलं, "छे!" सत्तरी उलटलेली, जन्मभर पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई, सरळ तिच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले. अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी मुलाचा बंगळूरहून फोन आला, आवाजावरून त्याला काहीतरी कळलं, आणि मग मी सांगितलं.

तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आई, तुला किती वेळा सांगितलं होतं!" आणि मग, "पण त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

हा प्रश्न मी ऐकला होता. माझ्याच तोंडून.

१९८६ सालची गोष्ट. तालुक्याच्या गावातली शाळा, माझा आठवीचा वर्ग, पन्हाळा-जोतिबाची सहल ठरलेली. त्या दिवशी मी रजेवर होते, म्हणून वर्गाच्या मॉनिटरनं चौदा मुलांचे पैसे गोळा करून स्वतःजवळ ठेवले. संध्याकाळी एसटीनं गावी जाताना पिशवी गाडीतच राहिली. पोरगं चार दिवस शाळेत आलं नाही. पाचव्या दिवशी वडील कान धरून घेऊन आले. आम्ही डेपोत शिपाई पाठवला तेव्हा कळलं, कंडक्टरनं पिशवी त्याच रात्री जमा केली होती. पैसे सगळे होते. पण तोवर सहल जाऊन आली होती. चौदा मुलांचे पैसे आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून भरले होते, आणि तो एकटा घरी राहिला होता.

मी त्याला विचारलं, "अरे, त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

तो खाली बघून म्हणाला, "बाई, तुम्ही मारलं असतं."

खरं होतं. मारलं असतं.

माझ्या त्या अकरा दिवसांची किंमत मला नंतर कळली. अशा फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. २०२१ मध्ये सुरू झाला तेव्हा तो १५५२६० होता, नंतर सोपा केला. तिथे तक्रार नोंदली की ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेपर्यंत पोचते आणि तिथे जे काही शिल्लक असेल ते गोठवता येतं. 'शिल्लक असेल ते' हे महत्त्वाचं. चोराच्या खात्यात पैसे मुक्कामाला थांबत नाहीत. एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, मग कुठल्या तरी एटीएममधून बाहेर. म्हणून पहिल्या तासा-दोन तासांना सोन्याचं मोल. मी अकरा दिवस घालवले. १९३० वरच्या माणसानं सगळं नीट लिहून घेतलं, पण मिळालं काही नाही.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं एक परिपत्रक आहे, तेही मी नंतर मुलाकडून छापून घेऊन खुणा करत वाचलं. ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याला तोशीस नाही. चार ते सात दिवस लावले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार त्याचा. ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे चूक तुमची असो की नसो, 'कधी सांगितलं' हा प्रश्न आहेच. माझ्या बाबतीत चूक माझीच होती, पैसे कदाचित तरीही आले नसते. पण मी तर परीक्षेलाच बसले नाही.

चूक होणारच असं धरून चालणारी व्यवस्था मी नोकरीत पाहिली होती. बोर्डाचे दहावीचे पेपर तपासायला यायचे. मी परीक्षक, माझ्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. माझी बेरीज चुकली की नियामक लाल शाईनं गोल करून परत पाठवायचे. पहिल्या वर्षी मला रडू आलं होतं. तेव्हा आमचे नियामक सर म्हणाले, "बाई, तुमची बेरीज चुकणार म्हणूनच मला इथे बसवलंय. चुकली नाही तर माझं काम काय?" पुढे मग काही वाटेनासं झालं. शंका आली की मीच जाऊन विचारायची. मुलांच्या मार्कांचा प्रश्न होता, माझ्या मानाचा नव्हता.

मुलाच्या ऑफिसातही तसंच आहे म्हणे. त्यांच्याकडे मुद्दाम खोट्या ईमेल पाठवून कर्मचाऱ्यांची परीक्षा घेतात. माझं प्रकरण झाल्यावर महिनाभरानं तो आला तेव्हा त्यानं कबूल केलं, की दिवाळी बोनसच्या नावानं आलेल्या अशाच एका ईमेलवर त्यानंही क्लिक केलं होतं. "मग रागावले का रे?" मी विचारलं. "नाही, लगेच कळवलं म्हणून उलट आभार मानले. कळवायला वेगळं बटणच आहे," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "मी तुला तसं बोलायला नको होतं."

मला वाटतं, घराघरात हे बटण नाही, ही खरी अडचण आहे. ऑफिसात तिशीतल्या इंजिनिअरची चूक गृहीत धरतात, आणि घरात पंचाहत्तरीच्या आईबापांकडून मात्र आपण अपेक्षा ठेवतो की त्यांनी एकदाही चुकू नये, आणि चुकलेच तर आधी दहा मिनिटं आपलं ऐकून घ्यावं. हे चोरांना बरोबर माहीत आहे. 'कुणाला सांगू नका' ही त्यांची पहिली अट असते, आणि ती पाळायला आपण त्यांना मदत करतो. डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही, असं २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी सांगितलं, मोबाईलवर धून वाजायची, वर्तमानपत्रात रोज येतं. तरी माणसं सापडतात, कारण त्या क्षणी शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारण्याची लाज वाटते.

आमच्यापुरता आम्ही एक नियम केला आहे. कुणीही फोन करून 'माझं असं असं झालं' म्हटलं, की पहिला प्रश्न 'कधी झालं?' एवढाच विचारायचा. मग १९३०, मग बँक. 'कसं काय झालं' हा प्रश्न आठ दिवसांनी, चहा पिता पिता. भाच्यांनो, पुतण्यांनो, तुम्हालाही हा नियम लागू आहे.

आता शेवटचं. हे जाऊन दीड वर्ष झालं. त्यांना मी हे कधी सांगितलं नाही, आणि मुलालाही सांगू दिलं नाही. त्यांच्या तब्येतीचं कारण मी पुढे करत होते. खरं कारण, ते काय म्हणतील ही भीती. मागे त्यांचं कपाट आवरताना जुनं पासबुक सापडलं. नोव्हेंबर २०२२ च्या त्या तीन नोंदींपुढे पेन्सिलीनं बारीक बरोबरच्या खुणा होत्या, ते हिशेब तपासताना करायचे तशा. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. विचारलं नाही. मी सांगेन म्हणून थांबले असतील. आता ते कळायला मार्ग नाही.

असो. परवा मी त्या कॉलनीतल्या गृहस्थांकडे गेले. ओळख बेताचीच. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, ते आतल्या खोलीत होते, बाहेर येईनात. मी बाहेरूनच मोठ्यानं सांगितलं, "अहो, माझेसुद्धा गेलेत. तीन वर्षं कुणाला बोलले नव्हते."

थोड्या वेळानं ते बाहेर आले. समोर बसले. म्हणाले, "किती?"

"अठ्ठेचाळीस हजार पाचशे."

"माझे बरेच जास्त आहेत," ते म्हणाले, आणि पत्नीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.