मुक्काम पुणे

पुण्यास येणाऱ्यांची कामे निरनिराळी असतात, पण गाडीत बसण्यापूर्वी पडणारा प्रश्न एकच असतो : उतरायचे कोठे? बार्शी, लातूर, नगर, फलटण येथील व्यापारी कुटुंबे पुण्यास कधी खरेदीसाठी येतात, कधी मुलीच्या महाविद्यालय-प्रवेशासाठी, तर कधी घरातील वडीलधाऱ्यांच्या उपचारासाठी. एके काळी पेठेतल्या वाड्यात राहणाऱ्या नातेवाइकाच्या ओटीवर अंथरूण पडत असे आणि प्रश्न तेथेच मिटत असे. आता वाड्यांच्या जागी दोन-दोन खोल्यांच्या सदनिका झाल्या. पाहुणे आठ दिवस राहणार म्हटले की यजमानाला अडचण होते आणि पाहुण्याला संकोच वाटतो. त्यामुळे परवडणारी खोली शोधणे हा पुण्याच्या प्रवासाचा अटळ भाग होऊन बसला आहे.

ही शोधाशोध करताना शहराची रचना ध्यानी घ्यावी लागते. रेल्वे १८५८ साली पुण्यास पोहोचली. ससून रुग्णालय १८६७ सालचे, तर स्थानकाची सध्याची इमारत १९२५ सालची. पुढे या परिसरात आणखी मोठी रुग्णालये उभी राहिली. त्यामुळे स्थानकाच्या आसपासच्या लॉजमध्ये प्रवाशांइतकेच रुग्णांचे नातेवाईकही आढळतात. सातारा व सोलापूर रस्त्याने एसटीने येणाऱ्यास स्वारगेट सोयीचे पडते. रविवार पेठेत घाऊक खरेदी करणाऱ्याने किंवा नाना पेठेत वाहनांचे सुटे भाग घेणाऱ्याने पेठांतच अथवा त्यांच्या कडेला राहावे. भुसार मालाचा व्यवहार असेल तर गुलटेकडीचे मार्केट यार्ड स्वारगेटपासून जवळ आहे. म्हणजे काम कोठे आहे ते आधी ठरवावे आणि खोली नंतर पाहावी. प्रत्यक्षात बहुतेक जण आधी दर विचारतात, आणि चूक होते ती तेथेच.

बार्शीच्या एका धान्य व्यापाऱ्याची हकिकत या दृष्टीने बोलकी आहे. त्यांच्या मातोश्रींवर स्थानकाजवळच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया व्हायची होती. मुक्काम आठ दिवसांचा होता. त्यांनी कात्रज भागातील एका धर्मशाळेत खोली घेतली. भाडे दिवसाला सहाशे रुपये, खोली स्वच्छ, आवारात मंदिर, आणि भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी जेवण. स्थानकाजवळच्या लॉजचा दर बाराशे रुपये होता. पाच टक्के जीएसटी धरून बाराशे साठ. निम्म्याहून कमी भाड्यात सोय झाली, याचे त्यांना समाधान वाटले.

पहिल्याच दिवशी हिशेब उलटला. रुग्णालयात एका वेळी एकालाच थांबता येत असे. सकाळी ते जात आणि पत्नी परत येत. सायंकाळी याच्या उलट. अशा दिवसाला चार खेपा होऊ लागल्या आणि रिक्षाला प्रत्येक खेपेस सुमारे दोनशे रुपये पडू लागले. सहाशेच्या खोलीवर आठशेचा प्रवास चढला. बस पुष्कळ स्वस्त होती, परंतु गर्दीच्या वेळी सातारा रस्त्यावर किती वेळ मोडेल याचा नेम नव्हता. भर हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. रुग्णालयातून निघालेले गृहस्थ वाहतुकीत अडकले आणि सलग दोन दिवस सायंकाळचे जेवण न घेताच झोपले. चौविहार मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदावर आकडे मांडले. धर्मशाळेचा खर्च दिवसाला चौदाशे, लॉजचा बाराशे साठ. फरक एकशे चाळीस रुपयांचा. आठ दिवसांत अकराशे वीस. रोजचे वाया जाणारे तास आणि मन:स्ताप हे आकड्यांत येत नव्हते. त्याच दुपारी ते स्थानकाजवळच्या लॉजमध्ये गेले. घरगुती डबा देणाऱ्या एका बाईंकडून साडेपाचच्या आत कंदमुळांवाचूनचा डबा येऊ लागला. खोली लहान होती, खिडकीतून समोरची भिंत दिसत असे. पण रुग्णालय पायी पाच मिनिटांवर होते.

राहण्याच्या जागेपेक्षा ठिकाणाला मोल देण्याची ही रीत जपानी शहरांत फार वाढीस लागली आहे. तेथे रेल्वे स्थानकासमोर ‘बिझनेस हॉटेल’ असतात. पलंग, छोटे मेज आणि स्नानगृह यांपलीकडे खोलीत फारसे काही नसते. प्रवासी पैसे मोजतो ते स्थानकाच्या सान्निध्यासाठी. १९७९ साली ओसाका येथे कॅप्सूल हॉटेल निघाले. त्यात एका माणसाला निजता येईल एवढाच कप्पा असतो. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदाराला महागड्या टॅक्सीपेक्षा तो कप्पा परवडतो. आपल्याकडे कुटुंबाला कप्पा पुरणार नाही, परंतु खोलीच्या भाड्यात प्रवासाचा खर्च मिळवून तुलना करण्याची सवय घेण्याजोगी आहे.

मेट्रोमुळे पुण्यातील ही तुलना अलीकडे बदलली आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला. आता पिंपरीकडे उतरलेला व्यापारी कसबा पेठ, मंडई किंवा स्वारगेट गाडी न बदलता गाठू शकतो, आणि जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून पुणे रेल्वे स्थानकाकडे जाऊ शकतो. मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरची दूरची खोली आता दूर राहिलेली नाही.

काही बारकावे पैसे वाचवणारे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेल-खोलीवर जीएसटी पाच टक्के आहे. त्यापूर्वी तो बारा टक्के होता. दर विचारताना ‘करासह किती’ असे विचारावे. भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की ठरावीक वेळी संपणारा, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यास त्यात एका दिवसाचे भाडे जास्तीचे पडू शकते. एका रात्रीचाच प्रश्न असेल तर रेल्वेचे विश्रामकक्ष पाहावेत. ते निश्चित अथवा आरएसी तिकीट असणाऱ्यांना मिळतात आणि जुलै २०२४ पासून त्यांवर जीएसटी नाही. सोबतच्या प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे.

आता उरते ती धर्मशाळेची गोष्ट. बार्शीच्या व्यापाऱ्यांनी रिकामी केलेली खोली त्याच सायंकाळी बीडकडच्या एका जोडप्यास मिळाली. त्यांच्या मुलावर धनकवडीच्या एका रुग्णालयात उपचार चालू होते आणि ते महिनाभर चालायचे होते. दोन रात्री त्यांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढल्या होत्या. कात्रजची जी खोली बार्शीकरांना महाग पडली, ती या जोडप्यास सर्व बाजूंनी स्वस्त होती. सामान न्यायला आलेल्या व्यापाऱ्यांना व्यवस्थापकांनी हे सहज बोलता बोलता सांगितले.

धर्मशाळेतील सहाशे रुपये हे त्या खोलीचे खरे मोल नसते. जागा, बांधकाम, रंगरंगोटी, नोकरांचा पगार यांचा मोठा वाटा कोणीतरी आधीच उचललेला असतो. दारावरची संगमरवरी पाटी ते सांगत असते. अशा सोयीने काय घडू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले होते. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. दात्याने ठेवलेला हा वाटा ज्याला लॉज परवडते त्याने केवळ बचतीसाठी उचलला, तर व्हरांड्यातल्या जोडप्याचा क्रम मागे जातो. लग्नसराईत वऱ्हाडासाठी आठ-दहा खोल्या एकदम अडवल्या जातात, तेव्हा तर हे उघडच घडते.

बार्शीच्या त्या गृहस्थांच्या मातोश्री बऱ्या होऊन घरी गेल्या. पुढच्या वर्षी भाच्याचे लग्न पुण्यात निघाले. पाहुणे पंधरा होते आणि घरात सर्वांच्या तोंडी कात्रजच्या धर्मशाळेचे नाव आले. त्यांनी स्वारगेटजवळच्या लॉजमध्ये पाच खोल्या घेतल्या. लग्नानंतर धर्मशाळेत दर्शनाला गेले तेव्हा एका खोलीच्या महिनाभराच्या भाड्याइतका, अठरा हजार रुपयांचा धनादेश त्यांनी व्यवस्थापकांच्या हाती दिला. पावतीवर कोणाचे नाव घालायचे असे विचारल्यावर त्यांनी आईचे नाव सांगितले. पाटी लावू का, या प्रश्नाला नको म्हणाले. बाहेरगावचा रुग्ण येईल तेव्हा त्याच्या माणसांकडून भाडे घेऊ नका, एवढेच त्यांनी सांगितले.