काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेने जमिनीची एक साधी विभागणी केली होती. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. माणसाने पांढरीत राहावे आणि काळीत राबावे. पैठण तालुक्यातील बिडकीन येथे राहताना या दोहोंमधली सीमा सरकताना मी पाहिली आहे. ७,८५५ एकरांवर आखलेले बिडकीन औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले. जिथे कापूस आणि तूर डोलत असे, तिथे आता रुंद रस्ते आणि क्रमांक घातलेले भूखंड आहेत.

ही काळी माती फार जुनी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. त्या खडकाची झीज होत होत ती घडली. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती ओल धरून ठेवते म्हणून शेतकऱ्याला प्रिय. परंतु तिच्या याच फुगण्या-आकसण्याने पाया हलतो आणि भिंतींना तडे जातात, म्हणून बांधणाऱ्याला ती नकोशी. बांधकामापूर्वी ती उपसतात आणि तिच्या जागी मुरूम भरतात. शेतात जो गुण, तोच पायात दोष ठरतो.

आमचे घरही अशाच मुरमाच्या भरावावर उभे राहिले. अंगणात भाजीचे चार वाफे करावेत, असे मनात आले. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि अर्धा फूट खोल असे चार वाफे म्हणजे शंभर घनफूट; अर्थात बरोबर एक ब्रास माती. माती विकत मिळते, हे मला ठाऊक होते. कोणती घ्यावी, हे मात्र शेजारच्या आबांनी शिकवले. त्यांची स्वतःची जमीन भूसंपादनात गेलेली. मी आणलेला पहिला नमुना त्यांनी तळहातावर चुरला. रंग पिवळसर, मध्ये चुनखडीचे खडे. “ताई, ही खालची माती हाय,” ते म्हणाले. “वरची वीतभर निराळीच असती.”

त्या वीतभर थरातच मातीचा जीव असतो. कुजलेला पालापाचोळा, मुळे, गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तिथेच नांदतात. तो थर घडायला शतके लागतात. खरवडायला मात्र यंत्राला एक सकाळ पुरते. दुसरा नमुना मी काचेच्या बरणीत पाण्यात घुसळून ठेवला. तळाशी वाळू बसली, तिच्यावर पोयटा आणि सर्वांत शेवटी, सावकाश, चिकणमाती. चिकणमातीचा थर सर्वांत जाड निघाला. अशी माती पोषक खरी. पण वाफ्यात तिचे पाणी लवकर निथळत नाही आणि मुळे गुदमरतात.

तिच्यावर उपाय एकच, सेंद्रिय द्रव्य. दोन घमेली मातीला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, या हिशोबाने आम्ही मिश्रण केले. कच्चे शेण टाळले. ते उष्णता धरते आणि हुमणीला आमंत्रण देते. वाफे जमिनीपासून उंच ठेवले. एका वाफ्यात ताग पेरून, तो फुलावर येताच मातीत गाडला. खुरपणी वाफसा आल्यावरच करायची, हा आबांचा नियम होता. माती ओलसर असते, पण हाताला चिकटत नाही, त्या नेमक्या अवस्थेला आपल्या भाषेत असा स्वतंत्र शब्द आहे. चिखलात खुरपे घातले की ढेकळे होतात आणि मातीची घडण मोडते.

एक प्रश्न मात्र खतामातीने सुटणारा नव्हता. विकत मिळणारी वरची माती कुणाच्या तरी रानातूनच येते. माझ्या अंगणातील मेथीसाठी एखाद्याचे शेत वीतभर उघडे पडणार असेल, तर तो व्यवहार केवळ ब्रासच्या भावाचा राहत नाही. म्हणून आम्ही अर्धा ब्रासच माती घेतली, तीही घराचा पाया खणताना निघालेली, जी अन्यथा भरावाखाली गेली असती. उरलेल्या जागेत तलावातला गाळ आणि खत घातले. धरणातला गाळ शिवारात नेण्याची योजना राज्यात २०१७ पासून आहे. शेतांवरून वाहून गेलेली मातीच त्या रूपाने परत येते. गाळ फार बारीक असल्याने तो नुसता न पसरता खतात मिसळावा लागतो, एवढेच.

दोन पावसाळ्यांनंतर वाफ्यांचा रंग गडद झाला, माती भुसभुशीत झाली आणि खुरप्याला गांडुळे लागू लागली. आबा अधूनमधून येतात, मूठभर माती उचलून तिचा वास घेतात आणि काही न बोलता परत ठेवतात. त्यांच्या गेलेल्या एकरांची भरपाई माझ्या दोनशे चौरस फुटांनी होणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळते. परंतु पांढरी वाढतच जाणार असेल, तर तिच्या प्रत्येक अंगणात थोडी काळी राखणे, हे तिथे राहणाऱ्यांकडे आलेले काम आहे.