खडकीची माती आणि स्टुटगार्टचा हंगाम

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल शिवाजीनगर सोडते आणि थोड्याच वेळात खडकी येते. बहुतेक पुणेकरांना खडकी म्हणजे 1817 ची लढाई, लष्करी छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना एवढेच माहीत असते. आम्ही मुलांना घेऊन खडकीला उतरलो ते मात्र हॉकीसाठी. या गावाने हिंदुस्थानला जो खेळाडू दिला, त्याने जर्मनीतल्या क्लबाचीही जर्सी घातली. तो कोणत्या मातीत वाढला, ते मुलांना दाखवायचे होते.

येथील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी 1869 सालची. कारखान्यासाठी आणि लष्करासाठी दूरदूरहून माणसे आली आणि येथेच राहिली. त्यामुळे खडकी बाजारात आजही एका कानावर मराठी पडते, तर दुसऱ्या कानावर तमिळ, तेलुगू आणि आपली दखनी. मस्जिद, मंदिर आणि चर्च यांच्यामधले अंतर पायी सहज कापता येते. लष्कर आणि कारखान्यामुळे येथे मोकळी मैदानेही राहिली. जेथे माणसे सरमिसळ राहतात आणि मैदान दाराशी असते, तेथे खेळ आपोआप रुजतो. खडकीत हॉकी रुजली.

धनराज पिल्ले यांचा जन्म 1968 साली याच खडकीत एका तमिळ कुटुंबात झाला. वडील कारखान्याच्या मैदानाची देखभाल करीत. घरात मुले बरीच, मिळकत बेताची. नवी स्टिक परवडत नव्हती, म्हणून मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडे कॉलनीतल्या धुळीच्या मैदानावर खेळत. आईने मात्र मुलांना खेळापासून कधी तोडले नाही. थोरले बंधू रमेश मुंबईत आर.सी.एफ.कडून खेळू लागले. त्यांच्यामागोमाग धनराज मुंबईला गेले आणि तेथून भारतीय संघात पोहोचले. पुढे 4 ऑलिम्पिक, 4 विश्वचषक आणि 4 आशियाई स्पर्धा त्यांच्या नावावर जमा झाल्या. 1998 साली बँकॉकमध्ये भारताने 32 वर्षांनंतर आशियाई सुवर्ण जिंकले, तेव्हा कर्णधार तेच होते.

खडकीच्या या पोराने आदर्श कोणाला मानले? बनारसच्या मोहम्मद शाहिद यांना. 1980 च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले शाहिदभाई चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा नेत. त्यांची ती नजाकत धनराज खडकीच्या धुळीत गिरवीत होते. बनारसच्या एका मुस्लिम घरातली कला पुण्यातल्या एका तमिळ हिंदू घरात अशी उतरली. त्यासाठी ना कोणी सभा भरवली, ना सलोख्याचा ठराव केला. मैदान होते, तेवढे पुरले.

आता जर्मनीकडे वळू. आमच्या पुण्याला स्टुटगार्ट हे नाव परके नाही. चाकणला ज्या मर्सिडीज गाड्या तयार होतात, त्या कंपनीचे घर स्टुटगार्ट. त्याच शहरातल्या स्टुटगार्ट किकर्स या हॉकी क्लबाकडून धनराज खेळले. त्यांनी लंडन, फ्रान्स, मलेशिया आणि ढाक्याच्या क्लबांकडूनही खेळ केला. पण जर्मनीतली घडी पालकांनी समजून घेण्याजोगी आहे.

जर्मन म्हणतात त्या ‘बुंडेसलीगा’चा, म्हणजे राष्ट्रीय लीगचा, हॉकी हंगाम थंडीमुळे दोन तुकड्यांत पडतो. शरद ऋतूत मैदानावरचे सामने सुरू होतात. कडाक्याच्या हिवाळ्यात मैदाने बंद होतात, तेव्हा तेच क्लब बंदिस्त सभागृहात छोटे संघ करून हॉकी खेळतात. वसंतात पुन्हा मैदान आणि शेवटी अव्वल 4 संघांत विजेतेपदाची लढत. बर्फावरच्या हॉकीची लीग तेथे निराळी आहे. 1994 साली सुरू झालेल्या त्या लीगमध्ये खेळ हीच खेळाडूंची पूर्णवेळ नोकरी असते आणि प्रेक्षकही हजारोंनी येतात. मैदानी हॉकीत तसा पैसा नाही. त्यातले बरेच खेळाडू विद्यापीठात शिकतात किंवा नोकरी सांभाळून खेळतात. तरीही जर्मनीने ऑलिम्पिक सुवर्ण पुन्हा पुन्हा जिंकले, कारण तेथील क्लब एखाद्या मोठ्या कुटुंबासारखा असतो. एकाच मैदानावर सकाळी 6 वर्षांची मुले, दुपारी मुली आणि संध्याकाळी राष्ट्रीय खेळाडू खेळतात. हंगाम संपतो, क्लब संपत नाही.

आपल्याकडे मात्र उलटे झाले. 2005 साली प्रीमियर हॉकी लीग आली. तिच्यात ‘मराठा वॉरियर्स’ हा संघ होता आणि धनराज त्याचे कर्णधार होते. 2008 नंतर ती बंद पडली. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत पुण्याचा स्वतःचा संघ उतरला, ‘पुणे स्ट्रायकर्स’. तो थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि पंजाबकडून हरला. त्या लीगचा दुसरा हंगाम झालाच नाही. हॉकी इंडिया लीग 2013 ते 2017 चालली, थांबली आणि 2024 च्या डिसेंबरअखेर पुन्हा सुरू झाली. या वेळी महिलांचीही लीग झाली, पण त्या हंगामात महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता. लीग येते, दिवे लागतात, लीग जाते. ज्या मुलाने तिच्या भरवशावर स्वप्न पाहिले, त्याने पुढच्या वर्षी काय करायचे?

खडकीहून पुन्हा लोकल धरून आम्ही पिंपरीला उतरलो आणि नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद मैदानावर गेलो. येथे पॉलिग्रास आहे. 2021 च्या डिसेंबरात पुरुषांची राष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धा येथेच झाली. कृत्रिम मैदान ऑलिम्पिकमध्ये 1976 साली मॉन्ट्रियलला आले आणि आपला संघ सातव्या क्रमांकावर घसरला. मातीवर चेंडू उडतो, अडतो. येथे तो सरळ सुटतो. मातीवर शिकलेल्या मुलाला हा खेळ नव्याने शिकावा लागतो. म्हणजे खडकीची माती हवी आणि नेहरूनगरचे पॉलिग्रासही हवे. एक नसेल तर खेळाडू जन्मत नाही, दुसरे नसेल तर तो टिकत नाही.

‘खेळून पोट भरते का?’ हा आपल्या घरोघरी विचारला जाणारा प्रश्न चुकीचा नाही. त्याचे उत्तर शाहिदभाईंच्या आयुष्यात आहे. ते बनारसच्या रेल्वे इंजिन कारखान्यात नोकरीला होते. आजही रेल्वे, सैन्यदल, पोलीस आणि बँका खेळाडूंना नोकऱ्या देतात. जर्मन मुलेही पुस्तक आणि स्टिक एकाच पिशवीतून नेतात. खेळ की शिक्षण, असा तंटा घरात मांडण्याचे कारण नाही.

मुलींविषयीही एक सांगावेसे वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावल्याचे हदीसमध्ये आले आहे. मर्यादा सांभाळून मुलींनी खेळावे, यात संकोच कशाचा? पोशाखाची आणि वेळेची अडचण असेल, तर पालकांनी प्रशिक्षकांशी बोलून ती सोडवावी. त्यासाठी मुलीचे मैदान बंद करू नये.

आपल्या मोहल्ल्यांत लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी लगेच जमते. मैदानासाठी ती का जमू नये? जमात आणि शाळा यांनी मिळून एक मोकळी जागा राखली, 20 स्टिक घेतल्या आणि रविवारी असरनंतर मुलांना जमवले, तरी सुरुवात होते. पुढची लीग कधी येईल, हे आपल्या हातात नाही. दाराजवळचे मैदान राखणे मात्र आहे.