माणगावचा पुतळा

भांडुपच्या चाळींतून आणि टेकडीच्या उतारांवर राहणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळे कोकणात आहेत. गणपतीचे दिवस जवळ आले, की ही कुटुंबे गावाकडे निघतात. पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर अशी गावे मागे टाकीत गाडी माणगावास येते. कोणी चहा घेतो, कोणी मुलांना खाऊ घेऊन देतो, कोणी पुनःपुन्हा घड्याळ पाहतो. गाव अजून लांब असते आणि मन केव्हाच तेथे जाऊन पोहोचलेले असते. अशा घाईत माणगावच्या तहसील कचेरीजवळ उभा असलेला एका सैनिकाचा पुतळा कितीशा प्रवाशांच्या दृष्टीस पडत असेल?

जगातील मोठमोठ्या शहरांच्या उद्यानांत ब्राँझचे सैनिक उभे असतात. त्यांतील अनेकांना नाव नसते. हजारो मृतांच्या वतीने तो एक अनामिक शिपाई तेथे पहारा देत असतो. माणगावच्या पुतळ्याचे तसे नाही. त्याला नाव आहे, गाव आहे आणि वयही आहे. नाईक यशवंत घाडगे हे त्याचे नाव. माणगाव तालुक्यातील पळसगाव-आधारनेचीवाडी हे त्याचे गाव. आणि वय? ते बावीस वर्षांवर थांबले, ते कायमचेच.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी झाला. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. डोंगरउताराची थोडीशी जमीन, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने हाताला काम नाही, अशी कोकणातील अनेक घरांची स्थिती होती. घरातला एखादा मुलगा मुंबईच्या गिरणीत जाई, तर एखादा पलटणीत. यशवंत मराठा पलटणीत दाखल झाले. या पलटणीचा आरंभ १७६८ साली मुंबईतच झाला होता. 'कर्तव्य, मान, साहस' हे तिचे ब्रीद आहे.

दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. तेथे पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडगे एका छोट्या तुकडीचे नायक होते. अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि क्षणार्धात त्यांचे सर्व सोबती मृत वा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे फिरण्याची वाट मोकळी होती. परंतु त्या वाटेने ते गेले नाहीत. ते सरळ मशीनगनवर धावून गेले. हातबाँब टाकून त्यांनी ती बंद पाडली. हातातील बंदुकीच्या गोळ्या संपल्या, पुन्हा भरण्यास वेळ नव्हता. तेव्हा नळी धरून ते बंदुकीच्या दस्त्याने लढले. ठाणे हाती आले. पण लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

या पराक्रमासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. त्या काळच्या ब्रिटिश सैन्यातील शौर्याचे हे सर्वोच्च पदक. पण ते सोन्याचे नसते, रुप्याचेही नसते. ते साध्या ब्राँझचे असते.

ही हकिकत वर्गात सांगितली, तेव्हा एका विद्यार्थ्याने उभे राहून मला विचारले, "सर, ते इंग्रजांसाठी लढले ना? मग त्यांचा पुतळा आपण कशासाठी उभारायचा?"

प्रश्न चांगला होता आणि तो टाळणे योग्य झाले नसते. १९३९ साली भारताला युद्धात ओढताना भारतीय नेत्यांना कोणी विचारले नव्हते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून इंग्रजांना 'चले जाव' असे बजावण्यात आले होते. म्हणजे एकीकडे देश स्वातंत्र्यासाठी तुरुंगात जात होता आणि दुसरीकडे याच देशाचे तरुण परक्या राजाच्या सैन्यात लढत होते. हे दोन्ही खरे आहे. त्यातील एक झाकून दुसरे सांगता येत नाही. तथापि हेही विसरू नये, की समोर हिटलरची सत्ता होती आणि तिचा विजय झाला असता, तर जगातील कोणत्याच दुबळ्या राष्ट्राला आशा उरली नसती.

मी त्या मुलाला म्हटले, "पुतळा राजाचा नाही, सैनिकाचा आहे. युद्ध पुकारणारा एक असतो, लढणारा दुसराच असतो. घाडग्यांनी पाऊल पुढे टाकले, तेव्हा त्यांच्यासमोर राजा नव्हता. आजूबाजूला पडलेले सोबती होते आणि हाती घेतलेले काम होते. आपण त्या पावलाला नमस्कार करतो."

या पुतळ्याची आणखीही एक गरज आहे. यशवंत घाडगे यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कॅसिनो येथे एक स्मारक आहे. ज्यांच्या कबरी ठाऊक नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. घाडगे यांचे नाव त्यांतच आहे. ज्या घरचा मुलगा परत आला नाही, त्या घरच्या माणसांनी फूल वाहावे कोठे? आपल्या मातीत उभा असलेला पुतळा, एवढेच त्याचे उत्तर.

जेथे ते पडले, तेथील लोकही त्यांना विसरले नाहीत. २०२३ च्या जुलै महिन्यात इटलीतील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने एक स्मारक उभे राहिले. ते तलवारीचे नाही, तोफेचेही नाही. ते सूर्यघटिकेचे आहे! सूर्य चालतो, सावली सरकते आणि वेळ कळते. 'आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो' अशा अर्थाचे वचन त्यावर आहे.

मुलांनो, या वचनाचा विचार करा. माणगावात माध्यान्ह झाल्यावर सुमारे चार तासांनी मोंतोनेत माध्यान्ह होते. पण सूर्य तोच असतो. त्या मशीनगनमागे बसलेले शत्रूचे शिपाईही कोणाचे तरी पुत्र होते. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असेल. शूराचा गौरव करताना युद्धाची हाव धरू नये, हे ती सरकती सावली न बोलता सांगते.

पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणे सोपे आहे. त्यापेक्षा थोडे अवघड, पण अधिक मोलाचे काम तुम्हांला करता येईल. तुमच्या गावी, तुमच्या वाटेवर असा एखादा सैनिक उभा असेल, तर क्षणभर थांबा. त्याचे नाव वाचा. तो कोणत्या वाडीचा, किती वर्षांचा, कोठे पडला, हे वडीलधाऱ्यांना विचारा. बावीस वर्षांचा मुलगा म्हणजे तुमच्या थोरल्या भावाएवढाच. त्याला आपल्याकडून दुसरे काही नको असते. आपले नाव कोणीतरी उच्चारावे, एवढेच पुरे असते.