कंसातले साल कोणाचे?

एम.ए.च्या तोंडी परीक्षेतला एक प्रश्न आम्ही आजवर विसरलेलो नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या प्रबंधिकेतल्या एका पानावर बोट ठेवले आणि विचारले, "काय हो, आंबेडकरांनी हे श्रीनिवासांनंतर सत्तावीस वर्षांनी लिहिले का?" पानावर आमच्याच हाताने टाईप केलेले होते: (श्रीनिवास, १९५२) आणि खाली (आंबेडकर, १९७९). खोलीत हशा झाला. आम्हाला आधी परीक्षकांचाच राग आला. ह्यांना बाबासाहेब खुपतात, असे मनाशी म्हणत बाहेर पडलो. परतीच्या एसटीत मात्र डोके शांत झाले आणि कळले की चूक आमची होती.

१९७९ हे साल बाबासाहेबांच्या लेखनाचे नाहीच. महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली त्या वर्षी काढला. त्यातला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचला. १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. घुर्ये यांचे जातीवरचे पुस्तक १९३२ चे, श्रीनिवासांचे कूर्गवरचे १९५२ चे. खालच्या जाती वरच्यांचे अनुकरण करतात ही गोष्ट आपल्या समाजशास्त्राच्या वर्गात श्रीनिवासांच्या नावावर शिकवली जाते. 'संस्कृतीकरण' हा शब्द त्यांचा आहे, ते श्रेय त्यांना द्यावेच. पण जातीच्या प्रसारात अनुकरणाचा वाटा किती, हे पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने १९१६ मध्येच मांडले होते. अनुकरणाचा सिद्धांत फ्रेंच विचारवंत गाब्रिएल टार्डचा, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकले. ज्याचे त्याला देऊन ते पुढे गेले. आणि आम्ही, त्यांचेच अनुयायी, कंसात एक आकडा टाकून त्यांना रांगेत सर्वांत मागे उभे करून आलो!

मित्रहो, ही चूक आम्ही एकट्यानेच केली असती तर हा लेख लिहिला नसता. अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलामुलींच्या प्रबंधिका आम्ही वाचतो. आता तर साल आणखी पुढे सरकले आहे. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर फाउंडेशनने हे खंड २०१४ मध्ये पुन्हा छापले, त्याची पीडीएफ मोबाईलवर मिळते, म्हणून (आंबेडकर, २०१४)! महापरिनिर्वाणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

उपाय सोपा आहे आणि तो एपीए पद्धतीतच दिलेला आहे. पुनर्मुद्रित ग्रंथाला दोन साले द्यायची, मधे तिरकी रेघ: (आंबेडकर, १९१७/१९७९). पहिले साल सांगते की विचार केव्हा प्रसिद्ध झाला. दुसरे सांगते की तुमच्या हातात कोणती प्रत आहे, म्हणजे वाचणाऱ्याला तेच पान उघडता येईल. पृष्ठांक दुसऱ्या सालाच्या प्रतीतलाच द्यायचा. १९१६ च्या वाचनाचा उल्लेख करायचा असेल तर तो वाक्यात करावा.

आणखी एक अडचण, जिच्याबद्दल मुले जरा चाचरत बोलतात. संदर्भसूचीत 'विश्वरत्न, महामानव, परमपूज्य' लिहायचे नाही, नुसते 'आंबेडकर, बी. आर.' लिहायचे, हे त्यांना जिवावर येते. आम्हालाही आले होते. पण सूचीत मार्क्सलाही पदवी नसते आणि वेबरलाही. आदर ठेवायला आपल्या मराठीत क्रियापद आहे: 'आंबेडकर म्हणतात', 'दाखवून देतात'. खंडाच्या शीर्षकातले 'डॉ. बाबासाहेब' मात्र जसेच्या तसे राहू द्यावे, ते पुस्तकाचे नाव आहे.

वाघिणीच्या दुधाचे ते वाक्य तर प्रत्येक तिसऱ्या प्रबंधिकेत असते. खंड कोणता, पान कोणते, असे विचारले की वर्ग गप्प. पान सापडत नसेल तर वाक्य काढून टाका, असे आम्ही स्पष्ट सांगतो. काहींना ते आवडत नाही.

गेल्या महिन्यात एका मुलीने आम्हालाच गप्प केले. ती आपल्या आजीच्या मुलाखतीवर लिहिते आहे: पाणवठा, दुष्काळ, धर्मांतर. एपीएप्रमाणे स्वतः घेतलेली मुलाखत संदर्भसूचीत जात नाही. म्हणजे आजी सूचीबाहेर! आम्ही तिला उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' वाचायला दिले. १९८९ चे ते पुस्तक अशाच बायकांना भेटून, त्यांच्या मुलाखती घेऊन उभे राहिले. सूचीत जागा नसेल तर परिशिष्टात तक्ता करायचा असे ठरले: गाव, वय, मुलाखतीची तारीख, आणि आजीची संमती असेल तर तिचे नाव.

ती म्हणाली, "पण दादा, आजीला साल कोणतं लावू? मी रेकॉर्ड केलं ते, की तिनं भोगलं ते?"

मुलाखतीची तारीख कंसात, दुसरे साल वाक्यात, असे आम्ही म्हणालो. दुसरे साल आजीला आठवत नव्हते. "एवढं आठवतं की थोरला मामा तेव्हा रांगत होता," मुलगी म्हणाली. मग मामाच्या शाळेच्या दाखल्यावरून हिशोब लावायला बसलो.