दित्त आणि देवाची निवड

बायबलमध्ये देवाने कामाला लावलेली माणसे बहुधा आपल्या उणिवाच पुढे करीत येतात. मोशे जीभ जड असल्याची सबब सांगतो, गिदोन आपले कूळ सर्वांत दुबळे असल्याचे बजावतो, आणि करिंथ येथील मंडळीला, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, पौल आठवण करून देतो की बोलावले गेले तेव्हा तुमच्यात ज्ञानी वा कुलीन असे फारसे कोणी नव्हते. ही शिकवण प्रवचनात गोड वाटते, पण तसा माणूस खरोखरच दाराशी उभा राहिला की मंडळी बिचकते.

पंजाबातील सियालकोट येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे काम १८५५ पासून चालू होते. तेथे १८७३ साली दित्त नावाचा बुटका, लंगडा, निरक्षर माणूस मिशनरी सॅम्युएल मार्टिन यांच्याकडे बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत प्रवेश देणारा जलसंस्कार, मागण्यास आला. तो कातड्यांची खरेदी-विक्री करून पोट भरी, आणि झाडलोट व मेलेली जनावरे ओढणे ज्यांच्या माथी मारलेले होते अशा, चूहडा म्हणून हिणवल्या जाणाऱ्या, अस्पृश्य जातीचा होता. त्याला धर्माचे शिक्षण पुरेसे नव्हते आणि संस्कार होताच त्याला गावी परतायचे होते, म्हणून मार्टिन घुटमळले. परंतु नाकारण्यासारखे कारण न सापडल्याने त्यांनी होकार दिला. गावी नातलगांनी त्याच्याशी खाणेपिणे तोडले आणि एक पाय मोडका आहेच, तसा दुसराही मोडो, असा शाप दिला. तरीही दोन महिन्यांनी तो बायको, मुलगी आणि दोन शेजाऱ्यांना स्वतः शिकवून, सुमारे तीस मैल पायी, सियालकोटला घेऊन आला. १९०० पर्यंत त्या जिल्ह्यातील त्याच्या जातीचे निम्म्याहून अधिक लोक ख्रिस्ती झालेले होते.

मार्टिन यांना दित्तचे जे गावी परतणे धोक्याचे वाटले, तेच येथे कामी आले, हे नीट पाहण्यासारखे आहे. नवख्रिस्ती माणसाला बहुधा मिशनच्या आवारात आसरा मिळे आणि त्याचे गणगोत सुटे. दित्त मात्र आपला धंदा न सोडता कातड्यांसाठी गावोगाव हिंडत राहिला आणि जेथे गेला तेथे ख्रिस्ताविषयी बोलत राहिला. त्याचे दैन्य देवाला प्रिय होते, असे मात्र कोणी म्हणू नये. ते समाजरचनेने त्याच्यावर लादले होते, आणि देवाने ती रचना मान्य केली नाही, एवढेच या निवडीतून दिसते. महाराष्ट्रातही ब्राह्मण कुळांतून ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळक आणि पंडिता रमाबाई यांची नावे आदराने घेतली जातात, ते योग्यच आहे. परंतु खेड्यापाड्यांतील मंडळ्या ज्या महार-मांग कुटुंबांनी उभ्या केल्या, त्यांच्यापैकी किती जणांची नावे इतिहासात आली?

मिशनची आशाही मुळात दित्तवर नव्हती; त्याला मार्टिन यांच्याकडे आणणारा नत्तू हा जाट जातीचा, गावच्या लंबरदाराचा, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मुखियाचा, मुलगा होता. त्याच्या बाप्तिस्म्याने वरच्या जातींची दारे उघडतील, अशी मिशनला आशा वाटली होती. पण तो कच्चा निघाला आणि त्याच्याकडून पुढे काही होईल, असे कोणालाच वाटेनासे झाले.