कापराचा नाच

आषाढातील एका दुपारी बाहेर पावसाची झड लागली होती आणि घरातील मुलांना करमत नव्हते. थोरल्या भावाने पितळेचा एक पसरट थाळा घेतला, त्यात पाणी ओतले आणि देवघरातून हळूच आणलेल्या कापराच्या वडीचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा त्यावर अलगद सोडला. तुकडा क्षणभर थबकला आणि मग एकाएकी गरगर फिरू लागला. कोणी त्याला ढकलत नव्हते, वाराही नव्हता. तरी तो काठापर्यंत धावे, वळे आणि पुन्हा माघारी येई.

“अरे, तो कापूर आरतीचा आहे!” आजी म्हणाली खरी, पण तिचीही नजर थाळ्यावर खिळली होती.

मग धाकटी पुढे सरसावली. तिने दुसरा थाळा घेतला. पाणी त्याच घागरीतले, कापूरही त्याच वडीचा. परंतु तिचा तुकडा काही केल्या हलेना. “तुला जमायचेच नाही,” भाऊ म्हणाला. तिचा चेहरा उतरला.

बहुतेक घरांत प्रयोग येथेच संपतो. फसलेल्या प्रयोगाचे खापर करणाऱ्याच्या डोक्यावर फुटते आणि थाळा मोरीत जातो. वास्तविक, न हललेला तुकडाही काही सांगत असतो. मात्र ते ऐकण्यास धीर लागतो.

पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. कापूर पाण्यात किंचित विरघळतो आणि जेथे विरघळतो तेथे ही ओढ कमी होते. तुकड्याच्या सर्व बाजू सारख्या विरघळत नाहीत. म्हणून ज्या बाजूची ओढ अधिक, तिकडे तो खेचला जातो. पण पाण्यावर तेलाचा तवंग असेल, तर ओढ सर्वत्रच कमी झालेली असते आणि नाच थांबतो. त्यासाठी तेल तरी किती लागते? इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 साली हे मोजून पाहिले. एका मिलिमीटरचे 10 लाख भाग केले, तर त्यांतील दीड-दोन भाग जाडीचा थर पुरे होतो! धाकटीच्या डोक्याला आजीने नुकतेच तेल चोळले होते आणि तिची बोटे त्या केसांवरून दोनदा फिरून आली होती.

इतक्या सूक्ष्म थराचा पाठपुरावा जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी एका मुलीने स्वयंपाकघरात केला होता. ॲग्नेस पॉकेल्स तिचे नाव. जन्म 1862 चा. तिला भौतिकशास्त्राची विलक्षण ओढ होती. पण त्या काळी तेथील विद्यापीठांची दारे मुलींना बंद होती. धाकटा भाऊ शिकावयास गेला. ती घरी राहून आजारी आईवडिलांची शुश्रूषा करू लागली. भाऊ पुस्तके पाठवी, ती वाची. पाणी आणि तुपट भांडी मात्र रोज हाताशी होती.

तिने पत्र्याची एक पन्हळ घेतली : 70 सेंटिमीटर लांब, 5 रुंद आणि 2 उंच. ती पाण्याने काठोकाठ भरून तिच्यावर पत्र्याची पट्टी आडवी ठेवली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग आखूड किंवा लांब करता येई आणि त्यावरील मळही एका बाजूला लोटता येई. लहान तराजूच्या दांडीला टांगलेली बटणाएवढी चकती पाण्यावरून उचलण्यास किती वजन लागते, यावरून ती पाण्याची ओढ मोजी. हे काम कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहातही नव्हते. तरीही ते सुमारे दहा वर्षे चालले.

रॅले याच विषयावर काम करीत आहेत असे कळल्यावर जानेवारी 1891 मध्ये तिने त्यांना पत्र लिहिले. दुसरा एखादा मोठा मनुष्य ते बाजूला टाकता. रॅले यांच्या पत्नीने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि रॅले यांनी तो ‘नेचर’ या नियतकालिकाकडे छापण्यासाठी पाठविला. 12 मार्च 1891 च्या अंकात तो प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेतील अर्विंग लँगम्यूर यांनी तशाच पन्हळीत सुधारणा करून संशोधन केले; त्यांना 1932 साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने ॲग्नेसला सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती तेव्हा सत्तर वर्षांची होती.

इकडे धाकटीने थाळा मोरीत नेला, चुलीतील राखेने खसखसून घासला आणि भरपूर पाण्याने धुतला. हातही धुतले. या खेपेस कापराला बोट न लावता तिने तो कोरड्या काडीने पाण्यात ढकलला. तुकडा थरथरला, वळला आणि सुसाट धावू लागला. भाऊ काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने आपले बोट डोक्यावरून फिरवले आणि तिच्या थाळ्यातील पाण्याला टेकवले. तुकडा जागच्या जागी थांबला.

“आता हा थाळा तूच घास,” धाकटी म्हणाली.